सही माझीच आहे

३ फेब्रुवारी, मंगळवार. रुवी, मस्कत.

शैला जाऊन आज तीस दिवस.

रुवीच्या या खोलीत येऊन आठवडा झाला. अझैब्याच्या आमच्या फ्लॅटला अजून कुलूप आहे. इथे खाली हॉटेल, सकाळपासून कांदा तळल्याचा वास.

दुपारी मेंटेनन्स कंपनीच्या मॅनेजरचा फोन. सालिम नाव, तरुण ओमानी इंजिनियर, मला अंकल म्हणतो. ऑगस्टमधल्या जॉब कार्डावर दोन कामं आहेत, कपडे वाळवायच्या ड्रायरचा पाइप साफ केला, स्मोक अलार्म तपासला. दोन्हीपुढे टिक आणि खाली सही. सही तुमचीच का, अंकल?

मी म्हणालो, हो, सही माझीच आहे.

तो म्हणाला, बस, एवढंच विचारायचं होतं. युनूसला आम्ही घरी बसवलंय. ईदनंतर निर्णय होईल. सही घेऊन काम न करणारा माणूस ठेवता येत नाही.

मी बरं म्हणालो.

खोटं बोललो नाही. युनूसने पाइप साफ केला नाही हे खरंच आहे. मी त्याला दारातून परत पाठवला म्हणून केला नाही, एवढं सांगायचं राहिलं.

राहिलं नाही. सांगितलं नाही.


५ फेब्रुवारी, गुरुवार

ऋताचा पुण्याहून व्हॉइस मेसेज. तीनदा ऐकला.

"बाबा, मी कम्प्लेंट मेल लिहिलाय, तू फक्त फॉरवर्ड कर. त्या युनूसने काम केलं नाही आणि तुझी साइन घेतली. ही चीटेड यू, बाबा. तू इतका साधा आहेस ना, कोणी पण पेपर पुढे केला की साइन करतोस. आईला भाभी भाभी म्हणायचा तो. त्याने मारलं आईला."

मुलगी मस्कतमध्ये वाढली, मराठी अडखळत बोलते. आज अडखळली नाही.

उत्तर पाठवलं, "बघतो."

आगीचा रिपोर्ट तिला पाठवला आहे, पण पहिलंच पान. मूळ अरबी, इथे रुवीत भाषांतर करून घेतलं. पहिल्या पानावर आहे की ड्रायरच्या मागच्या पाइपात कपड्यांचा कापूस साठला होता, आग तिथे लागली. दुसऱ्या पानावर पहिलीच ओळ. पॅसेजमधला स्मोक अलार्म प्लास्टिकने झाकलेला आढळला.

ते पान कपाटात शर्टांखाली ठेवलंय.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. कुणाला सांगता येत नाही तर निदान इथे नीट लिहावं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. ऋता आली होती. आदल्या दिवशी मी पॅसेजमधल्या अलार्मवर शॉवर कॅप चढवली. सलालाहच्या हॉटेलातून आणलेली. दर वर्षी चढवतो. धूप, कापूर, शिवाय तळण. मागे एकदा आरतीत तो अलार्म ठणाणा वाजला आणि वरच्या मजल्यावरची माणसं चपला न घालता खाली उतरली. तेव्हापासून ही पद्धत. शैलाने स्टूल धरलं. विसर्जन झाल्यावर काढायची असते.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला युनूस आला. दाभोळकडचा, मेंटेनन्समध्ये आहे, आमच्या बिल्डिंगला सात-आठ वर्षं तोच. वर्षातून एकदा सगळ्या फ्लॅटांचे ड्रायरचे पाइप साफ करायचे असतात. खांद्यावर लांब ब्रश, हातात व्हॅक्यूम. बूट त्याने बाहेरच काढून ठेवले होते.

"साहेब, पंधरा मिन्टांचं काम. मशीन पुढे ओढतो, पाइप काढतो, ब्रश मारतो, खलास. भाभी मशीनची जाळी साफ करतात ती बरोबर हाय, पण खरा कापूस पाइपात जातो. तुमचा पाइप लांब हाय, त्यात बाहेरच्या तोंडाला ही धूळ."

मी म्हणालो, आज नको. घरात गणपती आहेत. नैवेद्य व्हायचाय.

"हां, बाप्पा. मग मी परत येतो. पण कार्ड आज जमा करायचं हाय."

"द्या, सही करतो." दाराच्या चौकटीवर कार्ड टेकवून सही केली. टिका त्याने माझ्यासमोर मारल्या. दोन्ही.

आतून शैला, "कोण होतं हो?"

"मेंटेनन्सवाला."

"युनूसभाई? अहो, मग दारातूनच घालवलात? मोदक तरी द्यायचे."

नंतर देऊ म्हणालो. ऋता आंघोळीला होती, तिला काही कळलं नाही.

नंतर तो आला नाही. मी बोलावलं नाही. शॉवर कॅपही निघाली नाही. मग नवरात्र आलं, मग दिवाळीचं तळण. म्हटलं आता एकदमच काढू.


७ फेब्रुवारी, शनिवार

काल पुढचं लिहिता आलं नाही.

४ जानेवारी, रविवार. मी ऑफिसात. ती जेवून चादरी ड्रायरला लावून आडवी झाली. गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी आहे, तशी नोटीस जिन्यात लावलेली. त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असतानाही कपडे मशीनमध्ये. यावर ती नेहमी कुरकुर करायची. "एवढं ऊन फुकट चाललंय."

तीनच्या सुमारास वरच्यांना धूर दिसला. आग फार पसरली नव्हती. बेडरूममध्ये आग पोहोचलीच नाही, फक्त धूर. डॉक्टर म्हणाले, झोपेतून उठल्याच नाहीत.

तिची झोप किती हलकी. मी लॅचमध्ये चावी घातली की जागी व्हायची. अलार्म वाजता तर


१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिस. मी ड्राफ्ट्समन आहे. सध्या सीबमधल्या एका व्हिलाचं सीलिंगचं ड्रॉइंग चालू आहे. दिवे, एसीची तोंडं, स्मोक अलार्म. अलार्म म्हणजे एक छोटं वर्तुळ, आत दोन अक्षरं. एकवीस वर्षांत अशी वर्तुळं किती काढली असतील. किचनपासून किती लांब, भिंतीपासून किती लांब, सगळं पाठ आहे.

क्लायंटचा शेरा आला, पॅसेजमधला अलार्म काढा, स्वयंपाकाच्या धुराने वाजतो.

मी शेरा वाचून बसून राहिलो. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "सदानंदभाई, क्या हुआ, हँग हो गया क्या?" त्याला वाटलं कॉम्प्युटर.

उत्तर लिहिलं, काढता येणार नाही. कारण लिहिलं नाही.


१४ फेब्रुवारी, शनिवार

दिनेशकडे जेवायला. आमच्या मंडळातला, चिपळूणचा, माझ्याच बरोबर मस्कतला आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. सगळं नाही. युनूसला परत पाठवलं एवढंच.

त्याने आधी बायको किचनमध्ये आहे ना बघितलं.

"सद्या, हे आणखी कोणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नकोस. ड्रॉइंगमध्ये चूक झाली तर तू रिव्हिजन काढतोस. यात रिव्हिजन नाही. सांगून वहिनी परत येणार आहेत? उगाच पोरीच्या नजरेतून उतरशील."

"आणि युनूस?"

"त्याला दुसरीकडे मिळेल. हाताचा कारागीर आहे. आणि टिक त्यानेच मारली ना? मग?"

निघताना डब्यात भाजी दिली. लिफ्टपाशी येऊन पुन्हा म्हणाला, "गप्प राहायचं. ते तुला जमतंच."

वाईट अर्थाने म्हणाला नसेल.

बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. बरं वाटलं याचीच नंतर लाज वाटली.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

रमजान सुरू. ऑफिस लवकर सुटतं.

या खोलीतल्या अलार्मचं टेस्ट बटण रोज दाबतो. आजही. स्टूलवर उभा राहून, बोट वर. वाजला. शेजारून भिंतीवर थापा, "भाईसाब, रोज क्या जलाते हो?"

सॉरी म्हणालो. उतरताना स्टूल हललं. धरायला कोणी नाही.


२१ फेब्रुवारी, शनिवार

फ्लॅटमधून सामान न्यायची परवानगी मिळाली. एकटाच गेलो.

भिंती कमरेपासून वर काळ्या, खाली पांढऱ्या. पॅसेजच्या छताला अलार्म आहे तसाच, त्यावर वितळून घट्ट झालेलं प्लास्टिक. वर बघितलं, मग बघितलं नाही.

ड्रायर बाहेर ओढून ठेवलेला. पाइपाचा जळला नव्हता तो बाहेरच्या तोंडाकडचा तुकडा जमिनीवर पडला होता. आत हात घातला. कापूस गच्च, गोधडीसारखा. ओढून काढला तर त्यात थर होते. राखाडी, मग निळसर, मग एक लालसर. निळं माझ्या ऑफिसच्या पँटींचं. लालसर तिच्या त्या मरून गाऊनचं. मध्ये पिवळा पातळ थर, ऋता गणपतीत आली तेव्हा नवे टॉवेल काढले होते त्यांचा.

घरातल्या सगळ्यांचं थोडं थोडं तिथे साठत होतं. ब्रशने पंधरा मिनिटांचं काम.

तिचे चष्मे, दोन साड्या, पोथी आणली. वास जात नाही.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

ऋताचा मेसेज. मेल फॉरवर्ड केलास का? मी "अजून नाही". ती, "व्हाय आर यू प्रोटेक्टिंग हिम?"

तिला वाटतं मी त्याला सांभाळून घेतोय.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सीबला गेलो. युनूस जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे कंपनीच्या खोलीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, चौघं जण. रोजा सुटायला अर्धा तास होता. खजुराचा डबा घेऊन गेलो. देताना हात अवघडला.

खोलीत तो आणि एक म्हातारे, कासमचाचा, श्रीवर्धनचे, कुठल्याशा कामगार कँपात आचारी आहेत. भजी तळत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "या साहेब. रोजा आमचा की तुमचा? आमच्यापेक्षा तुमचंच तोंड सुकलंय."

युनूस उठला, गादीवरचे कपडे बाजूला केले. "चाचा, गप ऱ्हा. साहेब, बसा. येवढ्या लांब कशाला आलात? मना फोन करायचा."

मी काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं. त्यातलं काही आलं नाही. विचारलं, "सालिमने तुला विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?"

"तो बोलला, काम केलंस? मी बोललो, नाय. का नाय केलंस? बोललो, विसरलो."

"विसरलो का म्हणालास? मी परत पाठवलं होतं."

"मग काय बोलू, साहेब? ज्याची बायको गेली त्याचं नाव घेऊ?"

कासमचाचा कढईकडे तोंड करून, "हा असाच. याला हाकलला तरी हा दाराला तेल घालून येईल."

"चाचा!" मग मला म्हणाला, "आणि मी पण परत आलो नाय ना. येतो बोललो होतो. कार्डावर सही झाली की माणूस निवांत होतो. भाभी लिफ्टमध्ये भेटल्या होत्या दिवाळीत. बोलल्या, युनूसभाई, तुमचे मोदक राहिले. मी हसलो. तेव्हा तरी बोलायचं होतं, भाभी, पाइप पण राहिलाय."

हे मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, मी कंपनीत जाऊन सांगतो.

"नको. सांगितलं की कागदावर येणार, कागदावर आलं की तुमच्या पोरीला कळणार. पोरीला काय सांगाल?"

तेवढ्यात अजान झाली. त्याने आधी खजूर माझ्या हातावर ठेवला. मी आणलेल्या डब्यातला नाही, त्यांच्या ताटातला. मी खाल्ला. चाचांनी भजी पुढे सरकवली, "कांद्याची हायत, निर्धास्त खा, तुमचा धर्म तेलात नाय बुडत."

युनूस हसला. मीही हसायचा प्रयत्न केला.

परत येताना पूर्ण रस्ताभर एकच. त्या दिवशी नैवेद्य होता, पसारा नको होता, हे खरं. पण युनूसच्या जागी दुसरा कोणी असता तर


१ मार्च, रविवार

गेलो. ऑफिसातून थेट कंपनीत. सालिमसमोर बसून इंग्रजीत अर्धं पान लिहिलं. त्या दिवशी आमच्याकडे धार्मिक कार्य होतं, मी युनूसला आत घेतलं नाही, काम न होताच सही केली, अलार्म मी झाकला होता. खाली सही.

सालिमने दोनदा वाचलं. त्याने काही रागाने म्हटलं नाही. म्हणाला, अंकल, कार्डावर खाली एक चौकोन आहे, "प्रवेश मिळाला नाही". तो युनूसने भरायला हवा होता. तुम्ही भरायला सांगायला हवं होतं. मी आता हे वर पाठवतो. याने त्याचं बरं होईल की वाईट, मला माहीत नाही. विसरणं वेगळं, आणि माहीत असून टिक मारणं वेगळं.

मला वाटलं होतं खरं सांगितलं की तो सुटेल.

म्हणजे युनूस नको म्हणत होता ते यासाठीही असेल. त्याने ते बोलून दाखवलं नाही.

इन्शाल्ला खैर, असं म्हणून सालिमने दारापर्यंत सोडलं.


२ मार्च, सोमवार

युनूसला फोन केला. सांगून आलो म्हणालो. मग, "ठीक हाय साहेब. तुमच्या छातीवरचं उतरलं ना?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं.


५ मार्च, गुरुवार

ऋताला फोन केला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. दुसऱ्या पानाचा फोटो आधी पाठवला. मग सगळं सांगितलं, ओळीने, जसं इथे लिहिलंय तसं. तिच्या ऑफिसच्या कँटीनचा आवाज येत होता.

शेवटी विचारलं, "आईला माहीत होतं? अलार्म झाकलाय ते?"

"हो. स्टूल तिनेच धरलं होतं."

हे सांगायला नको होतं का? पण तिने विचारलं. खोटं पुन्हा सांगायचं नव्हतं. आणि तरी सांगताना असं वाटलं की मी शैलाला माझ्याबरोबर ओढतोय.

ऋता म्हणाली, "मी त्या माणसाला काय काय म्हटलं, बाबा. आणि तू ऐकत होतास. एक महिना तू ऐकत होतास."

फोन ठेवला तिने.


९ मार्च, सोमवार

काही नाही. तिचा फोन नाही. मी दोन मेसेज केले, निळ्या खुणा आल्या.


१३ मार्च, शुक्रवार

दिनेश आला होता, पोहे घेऊन. त्याला कळलंय. म्हणाला, "झालं समाधान? पोर बोलत नाही, युनूसचं अधांतरी, आणि मंडळात लोक आपापल्या अलार्मवरच्या पिशव्या काढत सुटलेत."

"खरंच काढतायत?"

"माझ्या बायकोने आपली काल काढली. भजी तळताना वाजला. आम्ही चौघं टॉवेल हलवत उभे." हसला. "आमच्याकडे पण तीन वर्षं होती रे. कोणालाच सांगू नकोस."

पोहे चांगले होते.


१७ मार्च, मंगळवार

ऋताचा मेसेज आला. बारा दिवसांनी. मराठी, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं. शब्द तेच, इथे देवनागरीत उतरवतो.

"बाबा, एक विचारायचं आहे. गणपतीच्या फर्स्ट डे ला लाइटिंग बंद पडलं होतं. इलेक्ट्रिशियन आला होता, कुमार. तू त्याला आत घेतलंस. तो मखराच्या मागे गेला, शिडी लावली, आई किचनमध्ये मोदक करत होती. तेव्हा पण नैवेद्य होता. मग युनूसला का नाही?"

ऑफिसात वाचला. टेबलावरून उठून जिन्यात गेलो.

तिथे उभा राहून उत्तर लिहिलं, "लाइट हवेच होते, पाइप थांबू शकत होता." पुसलं. "मला घाई होती." पुसलं.

त्याचे बूट मला दिसले होते. आधीच काढून ठेवलेले. तो आत यायला तयार उभा होता, दर वर्षी येतो तसा. इतर दिवशी मी त्याला कधी अडवलं नाही, पाणी दिलं, चहा दिला, शैला तर जेवायला बसवायची. फक्त त्या दिवशी. गणपती बसलेले, आणि दारात युनूस. मनात काय आलं ते मला तेव्हाही कळलं होतं. ते नैवेद्याच्या पसाऱ्याचं नव्हतं. मी स्वतःला असा माणूस समजत नाही. पण कुमारला आत घेतलं.

आणि युनूसला ते दारातच समजलं होतं. म्हणून तो लगेच "हां, बाप्पा" म्हणाला. माझी पंचाईत नको म्हणून.

ऋताला लिहिलं, "तू समजतेस तेच कारण आहे."

पाठवलं.


२२ मार्च, रविवार

ईद झाली. युनूसला फोन केला, ईद मुबारक म्हटलं. त्याच्याकडे माणसं होती, मागे गलका. "साहेब, शीरखुर्मा ठेवलाय, या." गेलो नाही. कंपनीचा निर्णय अजून नाही. सालिम सुट्टीवर, आल्यावर कळेल.

ऋताकडून फक्त फ्लाइटचं तिकीट. गुरुवारी येतेय. एक ओळ, "मला युनूसला भेटायचं आहे. तू गाडीत थांब, वर येऊ नकोस."


२६ मार्च, गुरुवार

विमानतळावर घ्यायला गेलो. बारीक झालीय. पाया पडली नाही, मिठीही नाही, बॅग मात्र माझ्या हातात दिली. गाडीत खिडकीबाहेर बघत होती. अझैबा आलं तेव्हा म्हणाली, "तो टर्न घेऊ नकोस." घेणारही नव्हतो.

खोलीत आल्यावर छताकडे बघितलं. मग स्टूल ओढलं, चढली, बटण दाबलं. वाजला. शेजाऱ्याची थाप. मी स्टूल धरून उभा होतो. उतरताना तिने माझ्या खांद्याला धरलं नाही, भिंतीला धरलं.

जेवताना एवढंच, "आईच्या साड्या कुठे आहेत?" दाखवल्या. एक घेऊन झोपली.


२७ मार्च, शुक्रवार. सीब.

गाडीत बसून लिहितोय. वही बॅगेत होती.

साडेचारला आलो. ऋताने वाटेत मिठाईचं दुकान बघून थांबायला सांगितलं, मग म्हणाली, नको, चल. जिन्यापाशी मला विचारलं, "त्यांना काय म्हणायचं? युनूसकाका?"

"आई युनूसभाई म्हणायची."

"मी काका म्हणते."

वर गेली. दुसरा मजला, गॅलरीला दोरीवर शर्ट वाळत घातलेले. दार उघडलं, कासमचाचांचा आवाज आला, मग दार लागलं.

ती माफी मागेल का? तिने मागायची गरज नाही. तिने जे म्हटलं ते माझ्या गप्प बसण्यामुळे म्हटलं. हे तिला सांगायला हवं होतं. येताना सगळा रस्ता होता.

तो तिला काय सांगेल? मी त्या दिवशी दारात कसा उभा होतो ते विचारेल ती. तो सावरून सांगेल. साहेबांची काही चूक नाय, असंच सांगेल. आणि ते सावरणं तिला कळेल. मला काय हवंय तेच मला ठरवता येत नाही. त्याने खरं सांगावं असं वाटतं, आणि सांगू नये असंही.

वीस मिनिटं झाली.

सालिमचा सकाळी फोन होता. निर्णय रविवारी. तुम्ही आणि युनूस दोघांनी यायचं म्हणतोय, वरचे साहेब समोर विचारणार. ऋताला अजून सांगितलं नाही.

चाळीस मिनिटं. एसी बंद केलाय, काच खाली. सूककडून माणसं चाललीत, कुणाच्या हातात भाजी, कुणाच्या मुलं.

दार उघडलं. एकटा युनूस गॅलरीत आला. कठड्याला धरून खाली बघतोय. त्याला गाडी दिसली. हाताने वर या म्हणतोय.

ऋता दिसत नाही. ती वर येऊ नकोस म्हणाली होती. हे तिने सांगायला लावलं की तो आपल्या मनाने बोलावतोय, इथून कळत नाही.

पुन्हा हात करतोय. दार त्याने उघडंच ठेवलंय.

वही ठेवतो.